गिझरपासून हातभर

गिझरच्या बुडाशी बोटभर लांबीच्या दोन नळ्या बाहेर आलेल्या असतात. एकीला निळं कडं, दुसरीला लाल. निळीतून गार पाणी आत जातं, लालमधून गरम पाणी बाहेर येतं. रोज त्यांच्याखाली उभं राहून आंघोळ करणाऱ्याचं वर्षानुवर्षं तिकडे लक्षही जात नाही. पण घरातल्या सगळ्या नळकामात सर्वांत अवघड काम करतो तो या दोन नळ्यांना लागून असलेला हातभर पाइप. तिथे लोखंडाची गाठ प्लास्टिकशी पडते, गरम पाण्याची गारशी आणि पाण्याची विजेशी, तीही बंद भांड्यात आणि दाबाखाली.

हे मला कळलं ते आम्ही कळव्यातल्या कळव्यात घर बदललं तेव्हा. कळवा नाक्याजवळची आमची इमारत चार मजल्यांची. सगळं नळकाम जीआयचं, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपांचं. खाडी जवळ, त्यामुळे हवा खारट. पाइप बाहेरून गंजले होते आणि आतून त्याहून वाईट होते. इमारत पाडायला काढली तेव्हा मोरीतला अर्ध्या इंची पाइपाचा एक तुकडा मी उचलून पाहिला. आत तांबूस-काळ्या गंजाच्या गाठी एकीला एक चिकटलेल्या, आणि मधे जेमतेम पेन्सिल जाईल एवढं भोक. पंधरा-वीस वर्षं आम्ही ‘पाण्याला फोर्स नाही’ म्हणून महापालिकेला दोष देत होतो. पाणी आमच्याच भिंतीत अडत होतं.

खारेगावच्या बाजूला टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर राहायला आलो तेव्हा भिंतीतून सगळीकडे प्लास्टिक होतं. गंज नाही, गाठी नाहीत, वजन नाही. प्लास्टिकच्या पाइपांनी आपल्याकडच्या घरांचं किती भलं केलं हे ज्यांनी गंजलेल्या जीआयचं लालसर पाणी पहाटे फडक्यातून गाळलं आहे त्यांनाच कळेल. पण दोन महिन्यांत, जानेवारीतल्या एका सकाळी, गिझरखालून पाण्याची बारीक धार लागली. लाल कड्याच्या नळीला जोडलेला पांढरा एल्बो खाली झुकला होता. फुटला नव्हता, तडकला नव्हता. उन्हात राहिलेल्या मेणबत्तीसारखा मान टाकून बसला होता.

बोलावलेल्या फिटरकाकांनी बटण बंद केलं, पाणी निवू दिलं आणि एल्बो बोटांनी चाचपला. “ताई, हा गार पाण्याचा माल आहे,” ते म्हणाले. “गरमला कुणी लावला?” बाथरूमचं काम कुणी केलं ते मी सांगितलं. त्यावर ते काही बोलले नाहीत, पिशवीतून फक्त आणखी एक एल्बो काढून पहिल्याशेजारी ठेवला. एक स्वच्छ पांढरा, दुसरा फिकट पिवळसर. आकार तोच, आटे तेच. लांबून पाहणाऱ्याला फरक कळणार नाही.

पांढरा होता यूपीव्हीसीचा, म्हणजे साध्या पीव्हीसीचा, पिवळसर होता सीपीव्हीसीचा. रंगावर मात्र भिस्त ठेवू नये, कारण कंपनीगणिक छटा बदलतात. खरी ओळख पाइपावर छापलेल्या आकड्यात असते. आयएस ४९८५ हे भारतीय मानक यूपीव्हीसीच्या पाण्याच्या पाइपांचं, आणि त्यात पाण्याचं तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंतच धरलेलं आहे. आयएस १५७७८ हे सीपीव्हीसीचं, गार आणि गरम दोन्ही पाण्यांसाठी. गिझरमधून निघणारं पाणी ६० ते ६५ अंशांचं असतं. म्हणजे पांढऱ्या एल्बोला पहिल्या दिवसापासून त्याच्या मर्यादेपेक्षा वीस अंश जास्त सोसावे लागत होते.

नावातल्या ‘सी’ या एका अक्षराने एवढा फरक का पडावा? ही गोष्ट रसायनाची आहे आणि मला ती फार सुंदर वाटते.

पीव्हीसी म्हणजे लांबच लांब साखळी, कार्बनच्या अणूंची. साखळीच्या दर दुसऱ्या कार्बनवर क्लोरीनचा एक अणू बसलेला असतो. वजनाने पाहिलं तर शुद्ध पीव्हीसीमध्ये निम्म्याहून जास्त, जवळपास ५७ टक्के, क्लोरीनच असतो. १८७२ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑयगेन बाउमान यांना बंद नळीत ठेवलेल्या व्हिनाइल क्लोराइडवर ऊन पडल्यावर पांढरा घट्ट पदार्थ जमलेला दिसला. तो हाच. पण त्याला वळवता येईना, तापवलं तर तो बिघडे, आणि पन्नासेक वर्षं त्याचं काय करायचं हे कुणाला कळलं नाही. १९२६ मध्ये अमेरिकेतल्या बी. एफ. गुडरिच कंपनीत वॉल्डो सेमन धातूला रबर चिकटवायचा गोंद शोधत होते. त्या खटपटीत त्यांनी पीव्हीसीला मऊ आणि कामाचं केलं. पुढे त्याच कंपनीने त्यावर आणखी क्लोरीन चढवण्याचा उद्योग यशस्वी केला. साखळीवरच्या काही हायड्रोजनच्या जागी क्लोरीन बसवला की क्लोरीनचं प्रमाण ५७ वरून ६३ ते ६९ टक्क्यांपर्यंत जातं. तेच सीपीव्हीसी, क्लोरीन चढवलेलं पीव्हीसी.

क्लोरीनचा अणू हायड्रोजनच्या तुलनेत धिप्पाड. साखळीवर असे धिप्पाड अणू दाटीने बसले की साखळ्यांना एकमेकींवरून घसरायला जागा राहत नाही. प्रत्येक प्लास्टिकचं एक तापमान असतं, ज्याच्या पुढे ते ताठपणा सोडून रबरासारखं लवायला लागतं. साध्या पीव्हीसीला ही वेळ ८० अंशांच्या आसपास येते, सीपीव्हीसीला शंभरी ओलांडल्यावर. पण ते एका क्षणात होत नाही. त्या तापमानाच्या बरंच अलीकडे, साठ-सत्तर अंशांनाच, पीव्हीसी भाराखाली हळूहळू सरकायला लागतं. दिवसातून दोन वेळा, अर्धा-अर्धा तास, पाण्याचा दाब आणि वर पाइपाचं वजन. आमच्या एल्बोला मान टाकायला दोन महिने पुरले.

कळवेकर म्हणून यात मला एक जिव्हाळ्याची गोष्ट दिसते. आमच्या घरापासून दक्षिणेला ठाणे-बेलापूर रस्ता जातो. त्याच रस्त्यावर १९६८ मध्ये नॉसिलचा नॅफ्था फोडणारा कारखाना सुरू झाला. मफतलाल आणि शेल यांचा तो संयुक्त प्रकल्प, देशातल्या अगदी पहिल्या पेट्रोरसायन कारखान्यांपैकी. तिथे पीव्हीसीही तयार होत असे. आजचे आमचे पाइप तिथले नाहीत. पण ज्या पदार्थावर सगळ्या देशाचं नळकाम आज उभं आहे, त्याच्या भारतातल्या बाळपणाचा काही भाग या खाडीच्या काठी गेला.

फिटरकाकांचं पुढचं वाक्य मला जास्त विचार करायला लावून गेलं. “एल्बो बदलून देतो. पण वरचा थेंब कुणी बंद केला?”

गिझरच्या निळ्या नळीशी पितळेचा एक जाडसर वॉल्व्ह होता. त्याच्या पोटातून करंगळीएवढं एक तोंड बाहेर आलं होतं, आणि त्या तोंडात कुणीतरी प्लास्टिकची डमी पिळून बसवली होती. का, ते मला माहीत होतं. पहिल्या आठवड्यातच तिथून थेंब पडायला लागले होते, फरशी ओली राहायची, म्हणून काम करणाऱ्या माणसाला मीच सांगितलं होतं, गळती बंद कर. त्याने केली.

ही चूक किती मोठी होती हे समजायला बंब आठवावा लागतो.

कळव्याच्या जुन्या घरी आजीचा तांब्याचा बंब होता. मधोमध धुराडं, त्याच्या तळाशी जाळी, त्यावर लाकडाच्या ढलप्या नाहीतर कोळसे. धुराड्याभोवती पाणी. वर नरसाळ्यासारखं उघडं तोंड, आणि अंगाला तोटी. त्या बंबाची गंमत अशी की गरम पाणी हवं असेल तर वरून गार पाणी ओतायचं. ओतलेलं गार पाणी नळीने थेट बुडाशी जाई, वर तरंगणारं गरम पाणी ढकललं जाई आणि तोटीतून बादलीत येई. तांब्याभर ओता, तांब्याभर घ्या. दिवाळीच्या पहाटे उटणं लावून कुडकुडत उभं असताना हा हिशेब आम्हा मुलांना पाठ होता.

भिंतीवरचा गिझर हुबेहूब हेच करतो. त्याची निळी नळी टाकीच्या बुडाशीच संपते. लाल नळी मात्र टाकीच्या आत थेट माथ्यापर्यंत चढलेली असते. तुम्ही गरम पाण्याचा नळ उघडता तेव्हा खालून गार पाणी शिरतं आणि माथ्यावरचं गरम पाणी बाहेर ढकलतं. गार पाणी जड, गरम हलकं, त्यामुळे मधे पडदा नसूनही ती बराच वेळ मिसळत नाहीत. बंबात आणि गिझरमध्ये फरक एकच, आणि तोच जिवावरचा आहे. बंबाचं तोंड उघडं असतं. गिझरचं बंद.

पाणी तापलं की फुगतं. २५ अंशांचं पाणी ६५ अंशांवर नेलं तर ते सुमारे पावणेदोन टक्क्यांनी वाढतं. २५ लिटरच्या गिझरमध्ये हे वाढीव पाणी होतं ४०० मिलिलिटरच्या वर, म्हणजे दोन पेले भरून. बंबात हे दोन पेले पाणी उघड्या तोंडात वर चढे, जास्त झालं तर सांडे. जुन्या चार मजली इमारतीत ते निळ्या नळीतून उलटं मागे सरकून गच्चीवरच्या टाकीकडे जाई. त्या टाकीचं उघडं तोंड हेच आमच्या गिझरचंही तोंड होतं. शिवाय काही इमारतींत गरम पाण्याच्या लाइनवरून एक पाइप गच्चीच्या टाकीच्याही वर नेलेला असे, टोकाला उघडा. जुने फिटर त्याला व्हेंट म्हणतात. पाणी जास्त तापलं, वाफ झाली, तर वाट त्या पाइपातून.

टॉवरमध्ये ही वाट बंद होते. दाब सारखा राहावा म्हणून पंप असतो. गरम पाणी उलटं फिरून गारच्या लाइनीत जाऊ नये म्हणून एकाच दिशेने उघडणारा नॉन-रिटर्न वॉल्व्ह बसवतात. आता नळ बंद, मागची वाट बंद, आणि आत दोन पेले पाणी जास्त. पाणी दाबून लहान होत नाही. टाकी अजिबात ताणली जात नाही असं धरलं तर दर अंशाला दाब पाच बारहून जास्त चढेल. प्रत्यक्षात टाकी किंचित ताणते, रबरी नळ्या थोडं सामावून घेतात, म्हणून तो इतक्या झपाट्याने चढत नाही. पण चढतो. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब एक बार. आमच्या डोक्यावर आठ मजले आणि टाकी, म्हणजे काहीही न तापवता अडीच बार आधीच.

म्हणून तो पितळी वॉल्व्ह. गिझरसोबत खोक्यात येतो, त्याला मल्टीफंक्शन वॉल्व्ह म्हणतात. तो पाणी उलटं जाऊ देत नाही, आणि दाब ठरलेल्या मर्यादेवर, बहुधा ८ बारच्या आसपास, गेला की करंगळीएवढ्या तोंडातून थेंब थेंब सोडून देतो. तो थेंब म्हणजे गळती नव्हे. बंबाचं उघडं तोंड आहे ते, आकाराने लहान झालेलं. आणि मी त्यात बूच मारायला लावलं होतं.

गिझरला आणखी दोन राखणदार असतात. थर्मोस्टॅट ठरलेल्या तापमानाला कॉइलची वीज तोडतो. तो चिकटून बसला तर त्याच्यावरचा कटआउट तोडतो. पण दोन्ही विजेचे आहेत आणि दोन्ही बिघडू शकतात. ८ बार दाबाखाली पाणी १०० अंशांना उकळत नाही, सुमारे १७५ अंशांपर्यंत पाणीच राहतं. अशा पाण्याची टाकी फाटली तर दाब एकदम नाहीसा होतो आणि पाण्याचा काही भाग जागच्या जागी वाफ होतो. एका लिटर पाण्याची वाफ साध्या हवेच्या दाबाला सुमारे १,७०० लिटर जागा घेते. गिझर छताला भगदाड पाडतो तो यामुळे. शेवटचा राखणदार फक्त तो पितळी तुकडा, ज्याला वीज लागत नाही.

प्लास्टिकचा पाइप या सगळ्यात कुठे बसतो? सीपीव्हीसीची ताकद तापमानाप्रमाणे उतरते. एसडीआर ११ या जातीचा पाइप, म्हणजे ज्याचा बाहेरचा व्यास भिंतीच्या जाडीच्या ११ पट असतो, २३ अंशांच्या पाण्याला सुमारे २८ बार पेलतो. ६० अंशांना त्याच्या साधारण निम्मे. ८२ अंशांना पाव, म्हणजे ७ बार. पाऊण इंची पाइप हातात घेतला तर बाहेरचा व्यास २२.२ मिलिमीटर आणि भिंत जेमतेम २ मिलिमीटर. या आकड्यांत सुरक्षेचा वाव आधीच धरलेला असतो, पण तो थर्मोस्टॅट ऐंशीवर फिरवून खर्च करण्यासाठी नसतो. ६० अंशांवर ठेवलेला गिझर पाइपाला सुखाचा, कातडीला मात्र तेवढंही जास्त. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं, त्याच्यापुढे तर क्षणही लागत नाही. घरात लहान मूल असेल तर हे आधी ध्यानात घ्यावं.

फिटरकाकांनी डमी काढली. फस्स करून थोडं पाणी उडालं आणि मग थांबलं. त्यांनी त्या तोंडाला एक बारीक नळी जोडून ती खाली मोरीच्या जाळीपर्यंत सोडली. मग कामाला बसले. त्यांच्यासोबतचा मुलगा ओडिशातल्या केंद्रापाडाचा होता. देशभरातल्या बांधकामांवर त्या एका जिल्ह्यातले प्लंबर इतके भेटतात की त्याच भागात, पट्टामुंडईला, प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाही आहे. मुलगा पाइप कापत होता, काका जोडत होते, आणि मी दारात उभी राहून पाहत होते.

पहिली गोष्ट त्यांनी केली ती ही की गिझरच्या लोखंडी नळीवर प्लास्टिकचे आटे चढवले नाहीत. आधीच्याने नेमकं तेच केलं होतं. लोखंडी आट्यांवर प्लास्टिकचं तोंड पान्याने आवळलं की आवळतानाच प्लास्टिकची भिंत बाहेरच्या बाजूने ताणली जाते. ती तशीच ताणलेली राहते, रोज तापते, रोज निवते. लोखंड थोडं फुगतं, प्लास्टिक त्याच्या पाचपटीहून जास्त. एक दिवस आट्यांच्या मुळाशी केसाएवढी चीर जाते. उपाय सोपा, फक्त थोडा महाग: आटे पितळेचे असलेली फिटिंग. बाहेर सीपीव्हीसी, पोटात पितळ. आटे बाहेरच्या बाजूचे असतील तर एमटीए, आतल्या बाजूचे असतील तर एफटीए, दुकानात नुसतं ‘ब्रासवालं द्या’ म्हटलं तरी चालतं. धातूचा मेळ धातूशी, प्लास्टिकचा प्लास्टिकशी, आणि दोघांची गाठ कारखान्यात आधीच मारलेली.

पण त्यांनी ती फिटिंगही थेट गिझरला लावली नाही. गिझर आणि भिंतीतला पितळी आटा यांच्यामध्ये त्यांनी स्टीलच्या जाळीची लवचीक नळी टाकली, जिला सगळे ‘कनेक्शन पाइप’ म्हणतात. दोन्ही बाजूंना एकेक, निळ्याला आणि लाललाही. लांबी अठरा इंच. अमेरिकेतल्या युनिफॉर्म प्लंबिंग कोडमध्ये पेक्स नावाच्या प्लास्टिकच्या पाइपासाठी नियम आहे की गिझरपासून पहिल्या १८ इंचांत तो वापरू नये. तिथे धातूच हवा. पेक्स हे पॉलिएथिलीन, सीपीव्हीसी नव्हे, आणि विजेच्या गिझरसाठी सीपीव्हीसीवाल्या कंपन्यांच्या सूचना थोड्या वेगळ्या असतात. पण अंतर मला विलक्षण वाटलं. दोन वीत म्हणजे एक हात, आणि एक हात म्हणजे अठरा इंच. आपल्या जुन्या मापाने बरोबर एक हात. त्या हातभर जागेत टाकीची धग धातूतून पुढे येते, तापलेलं पाणी नळ बंद असतानाही वर-खाली फिरत राहतं, आणि तापमान सर्वांत जास्त असतं. तेवढा भाग धातूने सोसायचा, पुढे प्लास्टिकने.

निळी बाजूही धातूची का, असं मी विचारलं. तिथे तर गार पाणी. काका म्हणाले, “हात लावून बघा कधी, गिझर तापल्यावर.” नंतर मी लावून पाहिला. वॉल्व्हच्या अलीकडचा भाग चांगलाच कोमट होता. गिझर दोन्ही बाजूंनी तापवतो. म्हणून गारच्या लाइनीतही पहिला टप्पा यूपीव्हीसीचा असू नये.

कनेक्शन पाइप विकत घेताना एक पथ्य. वॉशबेसिनखाली लावतात ती पांढरी पीव्हीसीची स्वस्त नळी गरम पाण्याला चालत नाही. आतली नळी गरम पाण्यासाठीची रबरी हवी, जाळी स्टीलची हवी, नट पितळेचे हवेत.

आट्यांवर त्यांनी पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळली, आटे घट्ट होतील त्या दिशेने. माझ्या लहानपणी फिटर सुतळीला सफेदा चोपडून आट्यांवर बांधायचे. जीआयवर ती रीत पक्की होती. सीपीव्हीसीशी ती वापरू नये, कारण तेलं आणि काही मऊ प्लास्टिकांतून झिरपणारे पदार्थ सीपीव्हीसीच्या साखळ्यांमध्ये शिरून ताण असलेल्या जागी त्याला तडकवतात. वरून काही दिसत नाही. तडा महिन्यांनी जातो आणि दोष पाइपाला मिळतो.

मग जोड. दुकानात ‘सोल्युशन’ म्हणून मिळतं ते खरं तर गोंदच नाही. त्यात टेट्राहायड्रोफ्युरानसारखी द्रावकं असतात. ती पाइपाचा आणि फिटिंगचा पृष्ठभाग काही क्षण विरघळवतात. दोन्हींच्या साखळ्या एकमेकींत मिसळतात, द्रावक उडून जातं आणि मागे एकसंध भिंत राहते. मुलाने पाइपाचं टोक काटकोनात कापलं, कडेची कुसळं काढली, पुसून कोरडं केलं. काकांनी दोन्हीकडे पातळ थर दिला, पाइप आत सारताना पाव वळसा दिला आणि धरून ठेवला. मी मनात तीसपर्यंत आकडे मोजले. लगेच सोडला तर पाइप स्वतःच थोडा बाहेर सरकतो, हे त्यांनी मला एका जोडावर मुद्दाम दाखवलं. यूपीव्हीसीचं सोल्युशन वेगळं, सीपीव्हीसीचं वेगळं. एका डब्याने दोन्ही जोडणारा माणूस वेळ वाचवतो, जोड नाही.

भिंतीवरून गेलेल्या गरम पाइपाला क्लॅम्प त्यांनी सैलसर ठेवले. तीन मीटर लांबीचा सीपीव्हीसी पाइप चाळीस अंशांनी तापला की साडेसात मिलिमीटरच्या आसपास लांबतो. कळवा स्टेशनावर उभं राहिलं की पूर्वी रुळांच्या जोडांमधल्या फटींवरून गाडीची चाकं ठेका धरत जायची. त्या फटी याच कारणासाठी होत्या, आणि पोलाद तर प्लास्टिकच्या मानाने फार थोडं लांबतं. पाइपाला सिमेंटमध्ये घट्ट गाडलं किंवा दोन टोकांना आवळून धरलं तर ती साडेसात मिलिमीटर कुठेतरी एल्बो वाकवून जागा करतात.

विजेबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, कारण लोखंडाच्या जागी प्लास्टिक आलं तेव्हा पाण्यासोबत विजेचंही गणित बदललं. जुन्या घरात जीआयचा पाइप जमिनीपर्यंत धातूचाच होता. गिझरची कॉइल फुटून टाकीत करंट उतरला तर तो पाइपातून जमिनीत जाण्याची थोडीफार शक्यता असे. ते भरवशाचं अर्थिंग कधीच नव्हतं, पण होतं. प्लास्टिकमध्ये तेवढंही उरत नाही. प्लास्टिक वीज वाहत नाही, आतलं पाणी मात्र वाहतं, शॉवरच्या धारेपर्यंत. कॉइल फुटण्याला आमच्याकडे एक जास्तीचं कारण आहे. कळव्याला एमआयडीसीकडून येणारं नदीचं पाणी क्षारांना हलकं असतं, पण शटडाउनच्या दिवशी टँकर किंवा बोअरवेलचं जड पाणी टाकीत पडतं आणि कॉइलवर पांढरा खर चढतो. खराखाली कॉइल जास्त तापते आणि तिचं कवच चिरतं.

म्हणून प्लास्टिकच्या नळकामाच्या घरात गिझरची तिसरी पिन, म्हणजे अर्थिंग, खरी असली पाहिजे. सॉकेटला तीन भोकं आहेत यावरून ती खरी आहे हे ठरत नाही, इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावी लागते. तीन किलोवॅटचा गिझर २३० व्होल्टला १३ अँपिअर ओढतो, तेव्हा सॉकेट १६ अँपिअरचं. आणि पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. एवढासा करंट वाट चुकला तरी तो क्षणार्धात वीज तोडतो. माणसाच्या छातीतून जाऊन जीव घेणारा करंट याच आकड्याच्या थोडा पुढे असतो, म्हणून आकडा तो.

गॅसचा गिझर हा वेगळा जिन्नस आहे. त्याच्या ज्वाळेजवळ आणि धुराड्याजवळ प्लास्टिक आणूच नये, कंपनी सांगेल तेवढा धातूचा पाइप घालावा. पण पाइपापेक्षा मोठा धोका तिथे हवेचा असतो. बंद बाथरूममध्ये जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि आंघोळ करणारा माणूस गुंगी येऊन पडतो. तो गिझर बाथरूमच्या बाहेर, वाहत्या हवेत लावावा. गच्चीवरच्या सौर बंबाचं पाणी उन्हाळ्यात कुणी वापरलं नाही तर सीपीव्हीसीच्या मर्यादेपुढे तापू शकतं, तिथेही पहिला टप्पा धातूचाच.

काम संपलं तेव्हा दुपार झाली होती. “आज गिझर लावू नका,” काका निघताना म्हणाले. “जोड रात्रभर वाळू दे. उद्या दुपारनंतर लावा.” आईने त्या संध्याकाळी गॅसवर पातेल्यात पाणी तापवलं.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास मी बटण दाबलं आणि स्टूल घेऊन बसले. पंचवीस लिटर पाणी २५ वरून ६५ अंशांवर न्यायला दोन किलोवॅटच्या कॉइलला पस्तीसेक मिनिटं लागतात. दहा-बारा मिनिटांनी बारीक नळीच्या टोकाशी पाणी जमलं, फुगलं आणि पडलं. मग दुसरा थेंब. आईने खाली मग ठेवला. थर्मोस्टॅटचा दिवा विझला तेव्हा आम्ही मगातलं पाणी स्वयंपाकघरातल्या मापाच्या भांड्यात ओतून पाहिलं. चारशेला थोडं कमी होतं.